एका कार्डावर फिकट रेघ, दुसरं कोरं! नक्की काय समजायचं?

मंगळवारपेठची_सून:

मैत्रिणींनो जरा मदत करा, डोकं पार भंजाळलंय. आम्ही बरेच दिवस चान्स घेतोय. मला पीसीओएस (हार्मोनच्या गडबडीनं अंडं वेळेवर न फुटण्याचा त्रास) आहे त्यामुळे पाळी कधीच वेळेवर नसते, म्हणून मागच्या पाळीपासून राजारामपुरीतल्या एका मॅडमची ट्रीटमेंट चालू केली, गोळ्या वगैरे. १२ तारखेला राहवलं नाही म्हणून कार्डावर प्रेग्नन्सी टेस्ट केली तर फिकट का होईना पण दुसरी रेघ आली, मी तर आनंदानं रडायचीच बाकी होते. १६ ला दुसऱ्या कंपनीचं कार्ड आणलं, त्यावर एकच रेघ. काल १९ ला सकाळी पुन्हा पहिल्या कंपनीचं केलं तर फिकट गुलाबी रेघ, आणि काल रात्रीच दुसऱ्या कंपनीचं केलं तर कोरं!! आता कुणाचं खरं मानायचं? पाळी १८ च्या आसपास यायला पाहिजे होती, आज २० आहे, आलेली नाही. छाती दुखतीये, मळमळ पण थोडी आहे (की मनाचे खेळ आहेत काय माहीत).

नवरा शिरोलीला फाउंड्रीत आहे, सध्या नाईट शिफ्ट, त्याला फोटो पाठवला तर म्हणतो मला एकच दिसतीये, झूम करून बघ म्हटलं तर म्हणतो हां असेल असेल. त्यात सासूबाई रोज सकाळी "अजून बाजूला बसली नाहीस काय गं" विचारतात. कार्ड आणायला पण मी स्टँडजवळच्या मेडिकलमध्ये जाते कारण गल्लीतल्या मेडिकलवाल्याकडनं घेतलं तर संध्याकाळपर्यंत तालमीच्या कट्ट्यावर बातमी. मॅडमचा दवाखाना आज बंद होता. आणखी एक तिसऱ्या कंपनीचं कार्ड आणू का? महागातलं घेतलं तर बरोबर दाखवेल का?

इचलची_पोरगी:

अगं अभिनंदन!!! फिकट असली तरी रेघ ती रेघ. मला पण पहिल्यांदा अशीच दिसेल न दिसेल अशी आली होती, आता ती रेघ बालवाडीत जातीये 😄 टेन्शन नको घेऊस, पेढे तयार ठेव.

स्वयंपाकघर_आणि_मी:

कार्डावर कशाला पैसे घालवताय, सकाळच्या पहिल्या लघवीत पांढरी टूथपेस्ट मिसळून बघा, फेस आला की समजायचं दिवस गेलेत. साखर टाकून पण करतात. माझ्या मावशीचं अगदी बरोबर आलं होतं.

लॅबवाली_ताई:

आधी टूथपेस्टचं निकालात काढते. पांढऱ्या टूथपेस्टमध्ये बहुतेक वेळा चुन्याच्या जातीची पावडर असते, लघवी थोडी आंबट असली की त्या दोघांचा फेस होतो. तुमच्या मिस्टरांची लघवी घेऊन करून बघा, त्यांना पण दिवस गेलेले निघतील. साखरेच्या टेस्टला पण काही अर्थ नाही.

आता मंगळवारपेठ, तुला. मी लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही हे आधीच सांगते. तू लिहिलंस त्यात एक गोष्ट मला अडकतीये ती म्हणजे १२ तारखेची रेघ. पाळी १८ ला अपेक्षित असताना १२ ला रेघ दिसणं म्हणजे फारच लवकर. म्हणून आधी हे सांग, मॅडमनी नुसत्या गोळ्याच दिल्या होत्या की अंडं फुटायचं इंजेक्शन पण दिलं होतं? दिलं असेल तर कोणत्या तारखेला? आणि काल रात्रीची टेस्ट करायच्या आधी पाणी, चहा किती झाला होता? रेघ किती वेळानं बघितलीस? फिकट रेघेला रंग गुलाबी होता की राखाडी? आणि आता प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकायला देतात ते हार्मोन) चालू आहे का?

मंगळवारपेठची_सून:

हो ताई इंजेक्शन दिलं होतं, ३ तारखेला रात्री. ते पण लिहायला पाहिजे होतं का? मला वाटलं ते फक्त अंडं फुटण्यापुरतं असतं. फाईलमध्ये बघितलं, १०००० युनिट लिहिलंय. रात्री झोपताना प्रोजेस्टेरॉनची गोळी पण आहे, ती मॅडम म्हणाल्या मी सांगेपर्यंत चालू ठेवायची.

काल संध्याकाळी नणंद आली होती म्हणून रंकाळ्यावर गेलेलो, ऊन इतकं की दोन ग्लास उसाचा रस, वर पाण्याची अख्खी बाटली, घरी येऊन लगेच टेस्ट. सकाळची रेघ गुलाबीच होती, पाच मिनिटांच्या आत आलेली. १२ ची पण गुलाबी होती. १६ चं कार्ड मी रात्री परत कचऱ्यातनं काढून बघितलं तेव्हा त्यावर पण एक बारीक रेघ होती पण ती राखाडीसारखी, लांबून काही दिसत नव्हती.

लॅबवाली_ताई:

बघ, हीच गोष्ट होती. ते अंडं फुटायचं इंजेक्शन असतं ना, ते म्हणजेच एचसीजी, गर्भ राहिल्यावर अंगात तयार होतं ते हार्मोन. आणि कार्ड शोधतं ते पण एचसीजीच. कार्डाला काय कळतंय की हे सुईतनं आलंय की बाळाच्या वारेतनं. १०००० चं इंजेक्शन अंगातनं जायला दहा ते चौदा दिवस लागतात, कुणाचं लवकर जातं कुणाचं उशिरा. तू ३ ला घेतलंस, १२ ला टेस्ट केलीस म्हणजे नवव्या दिवशी. ती रेघ इंजेक्शनची असायचीच शक्यता जास्त, म्हणून ती हिशोबातनं काढून टाक. वाईट वाटेल पण काढून टाक.

१६ ला तेरावा दिवस, तोपर्यंत इंजेक्शन बहुतेक निघून गेलं आणि कार्ड कोरं आलं. तेव्हा गर्भ राहिला असला तरी त्याचं स्वतःचं एचसीजी नुकतंच सुरू झालेलं असणार. अंडं फुटल्यापासून साधारण सहा ते बारा दिवसांत गर्भ पिशवीच्या आतल्या अस्तरात रुजतो, रुजल्यावरच एचसीजी रक्तात यायला लागतं, आणि लघवीत दिसायला त्याहून थोडं उशिरा. तुझं अंडं ४-५ ला फुटलं असेल असं धर. मग १६ ला कोरं कार्ड येणं म्हणजे नाहीच असं काही ठरत नाही. रात्री कचऱ्यातनं काढून बघितलेली राखाडी रेघ मात्र सोड. लघवी वाळली की टी च्या (टेस्टच्या रेघेच्या) जागी तशी रेघ उमटते, तिला रंग नसतो. म्हणून तर पाकिटावर लिहितात की पाच मिनिटांत बघा आणि नंतर बघू नका, कंपनीनुसार वेळ थोडी इकडेतिकडे असते, तेवढं वाचत जा.

आता कालचं. सकाळची रेघ गुलाबी, वेळेत आलेली, इंजेक्शनला सोळा दिवस झालेले. ही रेघ मला कामाची वाटते. रात्रीचं कोरं कार्ड हे उसाच्या रसाचं आणि बाटलीभर पाण्याचं काम. लघवी पातळ झाली की त्यातलं एचसीजी पण पातळ होतं. त्यात सगळी कार्डं सारखी नसतात, बऱ्याच कार्डांवर २५ एमआययू (एचसीजी मोजायचं माप) असं लिहिलेलं असतं म्हणजे तेवढं असल्याशिवाय ते रेघ दाखवायची खात्री देत नाही, काही १० ला पण पकडतात. तुझं एचसीजी आत्ता या सीमेवरच घुटमळत असेल तर सकाळी एका कार्डावर दिसेल आणि रात्री दुसऱ्यावर दिसणार नाही, आणि दोन्ही कार्डं आपापल्या जागी बरोबर. किमतीचा यात फारसा संबंध नाही, महागातलं म्हणजे पुष्कळदा नुसतं पेनासारखं प्लास्टिक, आत पट्टी तीच.

तेव्हा तिसऱ्या कंपनीचं आणू नकोस. उद्या सकाळी जाऊन रक्ताची बीटा एचसीजी कर. उपाशीपोटी जायची गरज नाही. आणि ४८ तासांनी परत कर, त्याच लॅबमध्ये, कारण वेगवेगळ्या लॅबच्या मशीनचे आकडे थोडे वेगळे येतात आणि मग तू इथे परत हाच धागा काढशील. ५ च्या खाली म्हणजे नाही, २५ च्या वर म्हणजे आहे, मधलं असेल तर परत बघायचं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असशील तर लॅबमध्ये आधी सांग, त्याचा मोठा डोस काही मशीनच्या रिपोर्टमध्ये घोळ करतो.

आणि छाती दुखणं, मळमळ, पाळी न येणं यातलं काहीच आत्ता पुरावा म्हणून धरू नकोस, प्रोजेस्टेरॉननं हे सगळं होतं. ती गोळी चालू असेपर्यंत कित्येकींची पाळी येतच नाही. पण म्हणून कार्ड कोरं आलं बघून ती स्वतःच्या मनानं बंद पण करू नकोस हं, बऱ्याच जणी तेच करतात. मॅडमना विचारूनच.

गंगावेशची_आक्का:

आगं पोरी मी सांगतो ऐक, ती उरलेली कार्डं आधी उचलून कपाटाच्या वर ठिव. दिवसातनं दोनदा बघून काय ते लवकर वाढतंय व्हय? लॅबवाली म्हणतीया ते बराबर हाय, रक्त तपासून यी आणि गप दोन दिस काम कर.

दुसरं सांगतो, त्या इचलच्या पोरीनं पेढे काढलेत पण आत्ताच कुणाला सांगू नको. आमच्या धाकट्या जावंला अशीच रेघ आलती, आमच्या आत्तीनी सगळ्या भावकीत फोन लावले, आणि आठ दिसात पाळी आली. डाक्टर म्हणाले लई लवकर गेलेलं, तिची काय बी चूक न्हाई, उचललं धरलं म्हणून असं होत न्हाई, बऱ्याच जणींचं असं होतंय आणि पाळी उशिरा आली म्हणून सोडून देतात, कार्ड केलं न्हाई तर कळत बी न्हाई. पण ज्याला त्याला उत्तर देता देता ती पोरगी निम्मी झाली. सासू इचारली तर सांग, मॅडमच्या गोळ्यांनी पाळी पुढं जातीया. खोटं बी न्हाई त्यात.

आणि पोटात एका बाजूला कळ मारली, चक्कर आली, खांद्यात दुखाय लागलं नायतर अंगावरनं जास्त जाय लागलं तर सकाळची वाट बघायची न्हाई. नवरा नाईटला असला तरी. १०८ लाव नायतर शेजारच्या रिक्षावाल्याला उठीव आणि सरळ शिप्पीआरला (सीपीआर सरकारी दवाखान्यात) जा नायतर जवळचा जो चोवीस तास उघडा हाय तिथं जा. गर्भ पिशवीऐवजी नळीत राहिलेला असला तर खेळ नसतो तो. तुला भीती घालत न्हाई, म्हाईत असावं म्हणून सांगतो.

लॅबवाली_ताई:

आक्कांनी शेवटी सांगितलं ते मी वरच लिहायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. नळीतली प्रेग्नन्सी असली तरी कार्डावर रेघ येते, फिकट पण येते, आणि कधी पाळीसारखं थोडं थोडं अंगावरनं जातं म्हणून बायका पाळीच समजतात.

कागलकर_वहिनी:

मध्येच विचारते, राग मानू नका. मी काही ट्रीटमेंट घेत नाही. माझी पाळी दहा दिवस लांबलीये, कार्ड दोनदा केलं, दोन्ही वेळा एकच रेघ. तरी असू शकतं का?

लॅबवाली_ताई:

कागलकर वहिनी, तुमची ती एक रेघ सी च्या (कार्ड चालतंय हे दाखवणाऱ्या रेघेच्या) जागीच आहे ना ते आधी बघा. सी ची रेघ नसेल तर ते कार्डच वाया गेलेलं, मग टी वर काही येवो. पाकीट आधी फोडून ठेवलं होतं का, तारीख उलटून गेलीये का ते पण बघा. न्हाणीघरातल्या फळीवर महिनोन् महिने पडलेलं कार्ड दमट होतं. सगळं ठीक असेल तर बहुतेक वेळा याचा अर्थ एवढाच असतो की या महिन्यात अंडंच उशिरा फुटलं, म्हणून पाळी पण उशिरा. ताप, प्रवास, जागरण, वजन, थायरॉईड काहीही कारण असतं. आठवड्यानं सकाळच्या पहिल्या लघवीवर एकदा करा, तरी कोरं आणि पाळी नाही तर डॉक्टरांना दाखवा, त्या थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हार्मोन) बघतील. तुमच्याकडे आशाताई येत असतील तर त्यांच्याकडे निश्चय किट असतं, फुकट मिळतं, मेडिकलमध्ये जायला नको.

कागलकर_वहिनी:

आशाताई आमच्या जाऊबाईच आहेत, तेच तर दुखणं आहे 😂 बरं करते आठवड्यानं. धन्यवाद.

मंगळवारपेठची_सून:

अपडेट देते. काल २१ ला सकाळी रक्त दिलं, संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट आला. बीटा ८४!! मी रिपोर्ट उघडायच्या आधी गॅस बंद केला आणि खाली बसले, कारण कढईत तेल होतं आणि हात थरथरत होते. मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या पॉझिटिव्ह आहे पण रविवारी परत करा, मग बोलू, गोळ्या तशाच चालू ठेवा आणि फॉलिक अ‍ॅसिड चुकवू नका. आता मला सांगा ८४ हे कमी आहे का? गूगलवर बघितलं तर कुणाचं दोनशे, कुणाचं चारशे.

इचलची_पोरगी:

माझं पहिलंच तीनशेच्या वर होतं बाई, पण मी पाळी चुकल्यावर बऱ्याच दिवसांनी केलेलं.

लॅबवाली_ताई:

मग तेच तर. बऱ्याच दिवसांनी केलं की आकडा मोठाच येणार. एकाच दिवशी दोघींचे आकडे कितीही वेगळे असू शकतात आणि दोन्ही नॉर्मल असू शकतात, म्हणून तर रिपोर्टवर आठवड्याप्रमाणे एवढी मोठी रेंज छापतो आम्ही. एक आकडा बघून कमी-जास्त म्हणता येत नाही. सुरुवातीच्या दिवसांत तो साधारण ४८ ते ७२ तासांत दुप्पट व्हायला हवा, तेवढं बघायचं. ८४ हे इंजेक्शनचं राहिलेलं मात्र नाही, १८ दिवसांनी तेवढं उरत नाही.

रविवारी लॅब किती वाजेपर्यंत उघडी ते आजच विचारून ठेव, कोल्हापुरात बऱ्याच लॅब रविवारी दुपारी बंद होतात. ज्या वेळेला काल रक्त दिलंस त्याच वेळेच्या आसपास दे म्हणजे हिशोब सोपा.

गंगावेशची_आक्का:

कढई खाली उतरीवली हे लई बेस केलंस. आता गूगल बी खाली उतरीव.

मंगळवारपेठची_सून:

आक्का 🙏😄 बंद केलं खरंच. नवऱ्यानंच फोनमधनं सगळे टॅब बंद केले, म्हणाला तुझ्यापेक्षा मलाच आता रात्रभर भट्टीसमोर आकडे दिसायला लागलेत.

मंगळवारपेठची_सून:

आज रविवार. दुसरा रिपोर्ट १९०. मॅडम म्हणाल्या छान वाढतंय, आता बीटा परत परत करू नका. सोनोग्राफी पुढच्या महिन्यात ५ तारखेच्या आसपास, म्हणजे साडेसहा आठवडे होतील. त्याच्या आधी आलात तर ठोके दिसतीलच असं नाही आणि उगाच घाबराल म्हणाल्या. तेव्हा गर्भ पिशवीतच आहे ना ते पण कळेल. जाताना दोघांचं आधार लागतं का गं? मागच्या महिन्यात फॉलिकलच्या (अंडं वाढतंय का बघायच्या) सोनोग्राफीला माझंच मागितलं होतं.

लॅबवाली_ताई:

वा! मस्तच वाढलंय. आधार पेशंटचं मागतात, म्हणजे तुझं. गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीला एक फॉर्म भरून सही घेतात, मुलगा-मुलगी सांगायचं नाही या कायद्याखातर. वैतागू नकोस, पाच मिनिटांचं काम आहे. पाळीच्या पहिल्या दिवसाची तारीख आणि ३ तारखेच्या इंजेक्शनची चिठ्ठी बरोबर ने, तारखेचा हिशोब त्यावरनं पक्का होतो. तोपर्यंत आक्कांनी सांगितलेली लक्षणं तेवढी ध्यानात ठेव, आकडा चांगला वाढला तरी गर्भाची जागा सोनोग्राफीतच कळते.

स्वयंपाकघर_आणि_मी:

अभिनंदन गं! टूथपेस्टचं मागं घेते. मिस्टरांच्या लघवीवर केलं, फेस आला.